एमआरआयच्या सुईआधी किडनीचं सांगा



आज आपण एका सुईबद्दल बोलणार आहोत. ही सुई आपल्या उपकेंद्रात मिळत नाही. तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला एमआरआय काढायला गेलं की मशीनमध्ये झोपवल्यावर, तपासणी निम्मी झाल्यावर, कधी कधी हाताच्या शिरेतून एक औषध देतात. त्याला काँट्रास्ट म्हणतात. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांच्या बाबतीत त्यावर फार बोलण्यासारखं नाही. पण ज्यांची किडनी कमजोर आहे, ज्या डायलिसिसवर आहेत, त्यांच्यासाठी बोलायलाच हवं. कारण या सुईबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक तर कुणी काही विचारत नाही आणि कुणी काही सांगत नाही. नाहीतर मोबाईलवर काहीतरी वाचून बाई तपासणी न करताच दारातून माघारी येते.

आमच्यापुढे हा विषय आला तो कर्जाच्या मागणीवरून. तुम्हाला ठाऊक आहे, गटाच्या अंतर्गत कर्जाची वही उघडली की बियाणं, शाळेची फी, शेळी आणि दवाखाना, हेच शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. एका गटातल्या काकूंनी एमआरआयसाठी ८,००० रुपये मागितले. वय ५८, साखरेचा आजार जुना, त्यातून किडनी कमजोर झालेली. डायलिसिस अजून लागलेलं नव्हतं. पाठ दुखायची, संध्याकाळी अंगात ताप भरायचा आणि पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी मणक्याचा एमआरआय लिहून दिला, काँट्रास्टसह. गटाने पैसे दिले. काकू पुतण्याला घेऊन गेल्या आणि संध्याकाळी तशाच परत आल्या. पुतण्याने तिथे बसल्या बसल्या मोबाईलवर वाचलं होतं, की किडनीवाल्यांनी हे इंजेक्शन घेतलं तर कातडी लाकडासारखी कडक होते आणि माणूस जागचा हलत नाही. पुढच्या बैठकीत याच गोष्टीवरून वाद झाला. निम्म्या बाया म्हणाल्या, असल्या जीवघेण्या तपासणीला गटाचे पैसे देऊच नयेत.

पुतण्याने वाचलं ते खोटं नव्हतं. पण ते अर्धं होतं, आणि जुनं होतं. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटलो, मग किडनीच्या डॉक्टरांना भेटलो, आणि जमेल तेवढं वाचून काढलं. जे समजलं ते आज सांगतो.

या औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. गॅडोलिनियम शरीरात गेलं की जिथे सूज आहे, पू आहे, गाठ आहे, रक्तपुरवठा वाढलेला आहे, तो भाग चित्रात उजळून दिसतो. साध्या एमआरआयमध्ये जे धूसर दिसतं ते स्पष्ट होतं. म्हणून डॉक्टर ते मागतात. सगळ्याच एमआरआयला मात्र ते लागत नाही. गुडघा, चकती सरकलेली, अशा पुष्कळ तपासण्या साध्याच होतात.

आता धातू म्हटला की तुम्ही विचाराल, तो अंगात सोडतात कसा? सुटा गॅडोलिनियम विषारीच आहे. म्हणून औषध तयार करताना तो दुसऱ्या एका रेणूत धरून ठेवतात. धरायच्या तऱ्हा दोन. जुन्या काही औषधांत तो सांडशीत पातेलं धरावं तसा धरलेला असतो. पकड बरी असते, पण जास्त वेळ गेला तर सुटू शकते. नव्या तऱ्हेच्या औषधांत तो चहूबाजूंनी बंद असतो, कडी लावलेल्या डब्यात ठेवावा तसा. डॉक्टर पहिल्या तऱ्हेला लिनियर म्हणतात आणि दुसरीला मॅक्रोसायक्लिक. आपण सांडशीचं औषध आणि डब्याचं औषध म्हणू. चालेल ना?

हे औषध शरीराबाहेर जातं मुख्यतः लघवीवाटे. किडनी चांगली असेल तर दीड-दोन तासांत निम्मं बाहेर पडतं आणि एका दिवसात जवळजवळ सगळं जातं. किडनी फार निकामी असेल तर निम्मं बाहेर जायलाच ३० तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ पातेलं सांडशीतच. मग पकड सुटते, धातू मोकळा होतो आणि कातडीत, स्नायूंत जाऊन बसतो. हाच तो धोका. म्हणजे हे औषध किडनी बिघडवतं म्हणून भीती आहे असं नाही. बिघडलेली किडनी त्याला वेळेवर बाहेर काढू शकत नाही, म्हणून काळजी घ्यायची. सिटी स्कॅनला जे आयोडीनचं काँट्रास्ट देतात त्याची गोष्ट वेगळी. तिथे किडनीवरच ताण येण्याची चिंता असते. लोक या दोन्ही सुयांची सरमिसळ करतात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी दवाखान्यातली माणसंही आपल्याला समजावताना दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळतात.

कातडी कडक होण्याचा तो आजार पहिल्यांदा लक्षात आला १९९७ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये. किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांच्या हातापायांची कातडी जाड आणि टणक होऊ लागली. कुठे लालसर, कुठे काळपट चट्टे, आग आणि खाज. पुढे सांधे आखडायचे, गुडघा सरळ होईना, बोटं उघडेनात. काहींच्या आतल्या अवयवांपर्यंत ते पोचलं आणि काही दगावलेसुद्धा. २००० साली डॉक्टरांनी असे १५ रुग्ण एकत्र नोंदवून प्रसिद्ध केले. सगळे डायलिसिसशी संबंधित. पण कारण सापडेना. पाणी तपासलं, डायलिसिसच्या नळ्या तपासल्या, औषधं तपासली. एमआरआयच्या सुईवर कुणाचा संशयच गेला नाही, कारण ती सुई तेव्हा फार सुरक्षित समजली जायची. उलट सिटी स्कॅनचं काँट्रास्ट किडनीला वाईट, म्हणून किडनीच्या रुग्णांना मुद्दाम एमआरआयकडे पाठवायचे, आणि रक्तवाहिन्यांची चित्रं काढायला दुप्पट-तिप्पट मात्राही द्यायचे.

२००६ च्या जानेवारीत ऑस्ट्रियातले डॉक्टर थॉमस ग्रोबनर यांनी आपल्या रुग्णांची नोंद छापली. डायलिसिसवरच्या ९ जणांना एमआरआयचं काँट्रास्ट दिलं होतं, त्यातल्या ५ जणांना हा आजार झाला. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १३ रुग्ण दाखवले, आणि त्या १३ही जणांना एकच औषध दिलेलं होतं, गॅडोडायमाईड. ते सांडशीचं औषध. नऊ वर्षांचं कोडं असं सुटलं. आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे सापडलं ते रुग्णांच्या कागदांवर कुठल्या दिवशी कुठलं औषध दिलं ते लिहून ठेवलेलं होतं म्हणून. आपल्या फायली आपण सत्यनारायणाच्या पोथीसारख्या कपाटात बांधून ठेवतो आणि दवाखान्यात जाताना तेवढ्याच नेमक्या विसरतो.

या आजाराला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस असं लांबलचक नाव आहे. लक्षात नाही राहिलं तरी हरकत नाही. पुढे काय झालं ते लक्षात ठेवा. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत मोठा इशारा छापायला लावला. २०१० मध्ये गॅडोडायमाईड, गॅडोपेन्टेटेट आणि गॅडोव्हर्सेटामाईड ही तीन औषधं किडनी फार कमजोर असलेल्यांना देऊच नयेत असं सांगितलं. युरोपने २०१७ मध्ये या तिन्हींचा शिरेतून होणारा वापर थांबवला. डॉक्टर डब्याच्या औषधांकडे वळले, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट, गॅडोटेरिडॉल ही त्यांची नावं. मात्राही कमी झाली. आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले.

मग डब्याचं औषध किडनीवाल्यांना चालतं का? याचा हिशेब २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. वेगवेगळे १६ अभ्यास एकत्र केले. त्यात किडनीच्या आजाराच्या चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातले, म्हणजे किडनी फारच कमजोर असलेले, ४,९३१ रुग्ण होते. त्यांना मुख्यतः ही नव्या तऱ्हेची औषधं दिली होती. कातडीचा आजार किती जणांना झाला? एकालाही नाही. हिशेब करणाऱ्यांनी तरीही शून्य धोका असं लिहिलं नाही. धोका असलाच तर १०,००० मध्ये ७ पेक्षा कमी, असं ते म्हणाले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजीच्या आणि किडनीच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून सांगितलं, की तपासणी खरंच गरजेची असेल तर केवळ किडनी कमजोर आहे म्हणून या गटातलं औषध नाकारू नये, कारण तपासणी न झाल्याने होणारं नुकसान त्याहून मोठं असू शकतं.

काकूंच्या बाबतीत तेच झालं. माघारी आल्यापासून पुन्हा जाईपर्यंत अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत त्यांचा उजवा पाय इतका कमजोर झाला की भिंत धरून चालायला लागल्या. किडनीच्या डॉक्टरांनी फाईल पाहिली. क्रिएटिनीन २.१, ईजीएफआर २७. ते म्हणाले, मणक्याजवळ पू साठलाय की काय हे कळायलाच हवं, डब्याचं औषध एकदा, नेहमीच्या मात्रेत द्यायला माझी हरकत नाही. त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलं. पू निघाला, मणक्याचा टीबी होता. औषधं सुरू झाली. आता पाच महिने झालेत, कातडी जशीच्या तशी आहे आणि काकू भिंत न धरता चालतात.

आता हे ईजीएफआर काय आहे ते समजून घेऊ, कारण सगळं त्यावर ठरतं. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनीन येतं. त्यावरून, वय आणि बाई की पुरुष हे धरून, किडनी किती काम करते याचा आकडा काढतात. तो ईजीएफआर. तो ३० च्या खाली असेल, किंवा डायलिसिस चालू असेल, तर या सुईच्या बाबतीत आपण जपून चालायच्या रांगेत आहोत. नुसत्या क्रिएटिनीनवर जाऊ नका. क्रिएटिनीन २ असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ४५ च्या आसपास येतो. तेच २ साठ वर्षांच्या बाईचं असेल तर आकडा ३० च्या खाली जातो. रिपोर्टवर दोघांचंही २ च दिसतं. म्हणून घरातले म्हणतात, "अगं शेजारच्या भाऊंचं पण दोनच आहे, ते बघ कसे ट्रॅक्टर चालवतात." भाऊंचं भाऊंपाशी. आपला आकडा वेगळा.

आणखी एक. किडनी अचानक बसली असेल, म्हणजे हगवण-उलट्या खूप झाल्या, साप चावला, बाळंतपणात रक्त फार गेलं आणि लघवी कमी झाली, तर एक-दोन दिवस रिपोर्टातला आकडा बरा दिसू शकतो, आणि किडनी मात्र काम करत नसते. अशा वेळी आकड्यापेक्षा "लघवी कमी होतेय" हे वाक्य डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं. ते लाजून गिळू नका.

आता आमच्या मनातलं खरं दुखणं. एमआरआयआधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, किडनीचा आजार आहे का, डायलिसिस आहे का, आधी कधी या औषधाने त्रास झाला का. बाईचा हा फॉर्म भरतं कोण? नवरा, मुलगा, दीर, पुतण्या. त्यातल्या किती जणांना घरच्या बाईचं क्रिएटिनीन माहीत असतं? फॉर्म बहुतेक इंग्रजीत. घाई असते, मागे रांग असते. मग सगळीकडे "नाही" वर खूण आणि खाली बाईचा अंगठा किंवा सही. बाई शेजारीच बसलेली असते आणि तिला कुणी विचारत नाही. कितीही चांगलं औषध आलं तरी या "नाही" ला औषध नाही. तेव्हा फॉर्म कुणीही भरो, सुई घेऊन जो माणूस जवळ येईल त्याला आपण आपल्या तोंडाने सांगायचं, "मला किडनीचा आजार आहे." लेकीसुनांनो, सासूबाईंबरोबर जाल तर तुम्ही सांगा.

त्याच वेळी तीन गोष्टी विचारायला काही हरकत नाही. काँट्रास्टशिवाय भागेल का, की लागेलच? कुठलं औषध देणार आहात? आणि माझ्या किडनीच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? एका सेंटरवर आमच्या एका ताईने औषधाचं नाव विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्हाला कळणार आहे का ते?" कळो न कळो, नाव सांगणं त्यांचं काम आहे. न चिडता पुन्हा विचारायचं आणि कागदावर लिहून मागायचं. ते नाव आणि तारीख फाईलमध्ये ठेवायची, पुढच्या वेळी कामाला येते.

डायलिसिसवाल्यांसाठी थोडं वेगळं. एमआरआय शक्यतो डायलिसिसच्या दिवशीच, डायलिसिसच्या आधी ठरवून घ्यायचा, म्हणजे औषध लगेच धुऊन निघायला लागतं. पहिल्या डायलिसिसमध्ये बरंचसं जातं, तीन पाळ्या झाल्या की जवळजवळ सगळं. एमआरआयच्या धावपळीत डायलिसिसची पाळी मात्र चुकवायची नाही. ज्यांना डायलिसिस लागत नाही त्यांनी केवळ या सुईसाठी ते करून घ्यायची गरज नसते. आणि ज्या हातात फिस्टुला केलाय त्या हातात ही सुई घेऊ नका, रक्तदाबाचा पट्टाही त्या हाताला नको. मशीनवरच्या माणसाला हे दिसतंच असं नाही, बाही वर करून दाखवा. तिथे मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना, पदराची सेफ्टीपिन सगळं काढावं लागतं. अंगात पेसमेकर किंवा कसली क्लिप बसवलेली असेल तर तेही आधीच सांगायचं.

गावात एक सल्ला हमखास मिळतो. सुई घेतली ना, आता भरपूर पाणी पी, सगळं निघून जाईल. चांगल्या किडनीवाल्यांना ठीक. पण डायलिसिसवर असलेल्या बाईला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. तिने हंडाभर पाणी प्यायलं तर औषध जाणार नाहीच, अंगावर सूज येईल आणि रात्री धाप लागेल.

सुईनंतर लगेच अंगाला खाज, गांधी, घशात आवळल्यासारखं वाटलं तर तिथल्या तिथे सांगा. ही ॲलर्जी क्वचित होते, पण उठून घरी जाण्याइतकी ती साधी नसते. कातडीचा तो आजार लगेच दिसत नाही. दिवस, आठवडे, महिने, क्वचित त्याहूनही उशिरा तो दिसू शकतो. पाय किंवा हात टणक वाटू लागले, कातडी चिमटीत येईना, गुडघे आखडू लागले तर तेल चोळत बसू नका. फाईल घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे जा आणि अमुक तारखेला एमआरआयची सुई घेतली होती असं सांगा.

गॅडोलिनियमचा थोडा अंश मेंदूत राहतो हे २०१४ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी दाखवलं. पुष्कळदा सुया घेतलेल्यांत तो जास्त दिसतो, किडनी चांगली असली तरीही. त्याने काही अपाय होतो असं आतापर्यंत सिद्ध झालेलं नाही, आणि डब्याच्या औषधाचा अंश कमी राहतो. पण म्हणूनच जुनी फिल्म, जुना रिपोर्ट बरोबर न्यायचा. ते नसले की तीच तपासणी दुसऱ्यांदा, तीच सुई दुसऱ्यांदा, आणि पैसेही दुसऱ्यांदा.

दोन मैत्रिणींनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. पहिलीचा प्रश्न, बाळ अंगावर पितंय, सुई घेतली तर दूध बंद करायचं का? बंद करायची गरज नसते. दुधात या औषधाचा अगदी किंचित अंश उतरतो. पोटात बाळ असताना मात्र फार निकड असल्याशिवाय हे औषध देत नाहीत, तेव्हा दिवस गेल्याची शंका असली तरी सांगा. दुसरीच्या वडिलांचं डायलिसिस पोटातून चालतं. त्याने हे औषध हळू बाहेर पडतं, म्हणून त्यांच्या बाबतीत किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका.

आता वही-पेन घ्या, नाहीतर शाळेतल्या पोरीला लिहायला बसवा. एमआरआयला जाताना एक चिठ्ठी बरोबर न्यायची आहे. आम्ही सावकाश सांगतो, तसं लिहा. "माझं नाव अमुक, वय अमुक. मला किडनीचा आजार आहे. क्रिएटिनीन इतकं, ईजीएफआर इतका, तपासणीची तारीख अमुक. डायलिसिस चालू आहे किंवा नाही, असल्यास कुठल्या वारी. फिस्टुला डाव्या हाताला किंवा उजव्या हाताला. याआधी काँट्रास्टची सुई अमुक साली घेतली, औषधाचं नाव अमुक. कृपया या वेळचं औषधाचं नाव खाली लिहून द्यावं." आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडा.